ओबरलिंडाची लढाई

कॅप्टन हार्टविग रोडेला युद्धाबद्दल सगळं माहीत होतं, फक्त युद्ध सोडून. हे वाक्य त्याचं स्वतःचंच. मेसमध्ये बिअरचा दुसरा ग्लास संपला की तो ते हमखास ऐकवायचा. आपली टर आपणच आधी उडवली की दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही, असं त्याचं मत होतं, आणि डावपेचांपैकी एवढा एकच डाव त्याला आजवर नीट साधला होता.

फ्रान्सशी लढाई जुंपली तेव्हा तो कॅडेट शाळेत होता, सतरा वर्षांचा. जानेवारीत वरच्या वर्गातली पोरं आघाडीवर निघाली, यादीत त्याचंही नाव लागलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी स्वारीला गालगुंड झालं. दोन्ही गाल भोपळ्यासारखे. गाल खाली बसले तोवर पॅरिस पडलं होतं. बरोबरची पोरं छातीवर पदकं आणि तोंडात शिव्या घेऊन परत आली. रोडेने काय आणलं, तर गळ्यात लोकरीचा गळपट्टा. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत आमच्या सैन्याने एक गोळी खरी म्हणून झाडली नाही. शांतता कसली ती, नुसता छळ.

मग रोडेने आम्ही सगळे करतो तेच केलं. युद्ध मिळत नाही म्हणून पुस्तकं धरली. नऊ वर्षं तो युद्धशाळेत पोरांना डावपेच शिकवत होता. त्याचे गुरू दोन, आणि दोघेही वर गेलेले. एक तो जुना प्रशियन सेनापती, ज्याचे कागद त्याच्या पश्चात बायकोने छापले. युद्ध म्हणजे धुकं, चाकात जाणारे खडे आणि माणसाचं काळीज, असं सांगणारा. दुसरा तो स्विस उमराव, जो आधी नेपोलियनच्या पदरी होता आणि मग झारच्या. त्याच्या हाती युद्ध दिलं की त्याच्या रेषा आणि कोन व्हायचे. रोडे पूजा पहिल्याची करायचा आणि प्रसाद दुसऱ्याचा खायचा, कारण काळीज फळ्यावर काढता येत नाही आणि कोन येतो.

आता चाळिशी आली होती आणि तो मेजरच्या वळणावर उभा होता. आमच्या सैन्यात कॅप्टन आणि मेजर यांच्यामध्ये एक वळण आहे. भलेभले घोडे तिथे घसरतात. वळण घेता आलं तर मेजर, पुढे कर्नल, जमलं तर जनरल. घसरलात तर एक दिवस घरी निळा लिफाफा येतो, त्यात सम्राट तुमचे आभार मानतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही उंच काळी टोपी घालून बायकोबरोबर बाजारात भाजी निवडता. वळण घेण्यासाठी नुसतं शिकवून भागत नाही, शरदातल्या सरावात तुकडी हाताखाली घेऊन जनरलसाहेबांना काहीतरी करून दाखवावं लागतं. म्हणून रोडेला शाळेतून उचलून परत रेजिमेंटमध्ये आणलं होतं.

सरावाला निघायच्या आधी, संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावर, तो बायकोला, ओटीलीला, पुलाची गोष्ट समजावून सांगत होता. काटे म्हणजे नदी, सुरी म्हणजे पूल.

"ते मीठ दे जरा," ओटीली म्हणाली.

"थांब. मीठ म्हणजे शत्रूची डावी बाजू आहे."

"मग ती डावी बाजू माझ्या बटाट्यांवर शिंपड. थंड होतायत."

त्याने शत्रू तिच्या हवाली केला. तिने एक बटाटा संपवला आणि मग म्हणाली, "खरं सांग हार्टविग. या खेपेला होणार का?"

"जागा एक आणि उमेदवार दोन. मी आणि डेलनाऊ. पूल मी धरायचा, त्याने घ्यायचा. जनरल बघणार."

"आणि नाही झालं तर?"

"तर काळी टोपी. आणि तुझा भाऊ."

"माझ्या भावाला नावं ठेवू नकोस. हॅम्बुर्गच्या कचेरीत त्याला आगीचा विमा विकायला माणूस हवाय. आगीबद्दल तू छान बोलशील, बघितली नसलीस म्हणून काय झालं."

रोडे हसला. या घरात त्याची टर उडवायचा परवाना दोघांना होता, त्याला आणि तिला. पण ती हसली नाही. "सहा गावं बदलली मी तुझ्यामागे," ती म्हणाली. "सातवं नको रे आता. आणि तिथे काउंटरमागे बसून तू येणाऱ्याजाणाऱ्याला गालगुंडांची गोष्ट सांगणार, ते मला बघवणार नाही."

त्याला म्हणायचं होतं की मलाही नाही बघवणार. तो म्हणाला, "पूल धरून बसायचंय फक्त. दुपारपर्यंत. त्यात काय अवघड आहे?"

"तेवढंच कर मग. बस. विचार करू नकोस."

"एका प्रशियन अधिकाऱ्याला विचार करू नको म्हणतेस? अगं, आम्हाला वरून फक्त काय साधायचं ते सांगतात. कसं साधायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सगळं जग आमच्याकडून हेच तर शिकतंय."

"तेच म्हणतेय मी," ओटीली म्हणाली. "तू ठरवायला लागलास की मी ट्रंका मोजायला लागते."

आमची रेजिमेंट उत्तरेकडची, समुद्रकाठची. सरावासाठी त्या वर्षी आम्हाला थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखात नेलं होतं. तिथल्या लोकांचं बोलणं आम्हाला निम्मं कळायचं आणि त्यांची बिअर पूर्ण. रोडेकडे दोन कंपन्या, डेलनाऊकडे दोन कंपन्या. रोडेच्या माणसांच्या हेल्मेटला पांढरी पट्टी, डेलनाऊच्या नाही. शत्रू आणि आपण यांत फरक काय तो एवढाच. दोघांचं मुख्य सैन्य कुठेतरी पलीकडे आहे असं समजायचं, आणि तोफाही तिथेच. हुकूम दोन ओळींचा होता. पूल दुपारपर्यंत धरा. शत्रू येईल.

शत्रू आला नाही. सकाळभर रोडे पुलाच्या कठड्याशी उभा राहून धुक्यात बघत होता. धुकं मात्र अगदी पुस्तकातल्यासारखं होतं. एक बाई हंसांचा कळप घेऊन पुलावरून गेली, तिला अडवावं की नाही यावर लेफ्टनंट हेन्केने मार्गदर्शन मागितलं. हा हेन्के रोडेचाच युद्धशाळेतला विद्यार्थी, गुणी आणि उत्साही. गुरुजी जे जे बोलले ते सगळं त्याने जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं, आणि गुरुजींना नेमकी त्याचीच भीती वाटायची. बाईला जाऊ दिलं.

धुकं वर चढलं, ऊन पडलं, शिपायांनी सॉसेज चावायला घेतलं. आणि दक्षिणेकडे आवाज झाला. धडाम.

सगळे थांबले. मग परत. धडाम, धडाम. डोंगरावर आपटून तो आवाज नदीच्या पाण्यावरून त्यांच्यापर्यंत आला आणि रोडेच्या पायांच्या तळव्यांना जाणवला.

"साहेब, तोफा," हेन्के म्हणाला.

"ऐकतोय मी."

"पण तोफा तर पूर्वेला असायला हव्यात ना? नकाशावर तसं आहे."

"युद्धात गोष्टी असायला हव्यात तिथे नसतात, हेन्के."

"होय साहेब, आपण दुसऱ्याच तासाला सांगितलं होतं." हेन्केचा चेहरा उजळला. "म्हणजे मोठी लढाई तिकडेच पेटली."

आता इथे एक सांगायला हवं. वॉटर्लूच्या दिवशी एक फ्रेंच मार्शल तोफांचा आवाज कानी पडत असताना जेवणाच्या टेबलावर बसून राहिला, आवाजाच्या दिशेने गेला नाही, आणि त्याच्या सम्राटाचं राज्य गेलं. आमच्याकडे दर वर्षी त्या बिचाऱ्याला वर्गात उभं करून फाशी देतात. रोडेने तर त्याला नऊ वर्षांत नऊदा फासावर चढवलं होतं. तोफा ऐकू आल्या की जायचं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर नाही, पण मेसच्या पहिल्या सूपबरोबर नक्कीच पाजलेलं असतं.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. रोडेला आनंद झाला होता. साधा, वेडा, पोरकट आनंद. सतराव्या वर्षी गाल बांधून खिडकीत बसलेल्या पोराला कुणीतरी खालून हाक मारावी, चल येतोस का, तसं त्याला वाटलं. पोरं खेळायला निघाली होती आणि या वेळी तो आजारी नव्हता.

"पुलाचं काय करायचं, साहेब?" हेन्केने विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"दहा माणसं ठेवून..." हेन्के म्हणाला आणि स्वतःच थांबला. "नाही. निर्णायक जागी सगळी ताकद. विभागणी म्हणजे पाप."

"बरोबर," रोडे म्हणाला, आणि ओटीलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला तो त्याने डोळे मिटून बाजूला सारला. "सगळे चला."

ते निघाले. बीटच्या शेतांतून, ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून. दर थोड्या वेळाने पुढून धडाम व्हायचं आणि माणसं आणखी जोरात पाय उचलायची. रोडे घोडा सोडून पायीच पळत होता, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. टेकडीच्या माथ्यावर पोचले तर पलीकडच्या उतारावरून दुसरी रांग त्याच आवाजाकडे पळत येताना दिसली. हेल्मेटला पट्टी नव्हती. डेलनाऊ. पूल घ्यायला निघालेला डेलनाऊही पूल सोडून तोफांकडे निघाला होता, कारण तोही त्याच शाळेत शिकला होता आणि त्यानेही त्याच मार्शलला फाशी दिली होती.

दोघांच्या मध्ये, खाली, ओबरलिंडा नावाचं खेडं होतं. आलुबुखाऱ्यांच्या बागेत धूर दिसत होता.

"शत्रूची तोफखान्याची जागा," हेन्के म्हणाला. धापा टाकत असूनही त्याने हे अगदी फळ्यापुढे उभं राहून म्हणावं तसं म्हटलं.

मग जे झालं ते सांगायला मलाच लाज वाटते, पण आता सुरुवात केलीच आहे. दोन्ही बाजूंनी कोरी काडतुसं उडाली. दोन्ही बाजूंनी "हुर्रा" उठला. एका बाजूने रोडेचे आणि दुसऱ्या बाजूने डेलनाऊचे मिळून चारेकशे माणूस संगिनी परजत बागेत घुसलं, कुंपणं मोडली, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या तोडल्या, आणि बागेच्या मधोमध मांडलेल्या लांबलचक टेबलांपाशी येऊन एकदम थांबलं. टेबलांवर केक होते. केकच्या पलीकडे पांढऱ्या फुलांचा मुकुट घातलेली नवरी उभी होती. तिच्या बाजूला तीन बुटकी लोखंडी उखळं रोवलेली, आणि तिचा भाऊ हातात गज घेऊन पुढचा बार ठासत होता. नवरी चर्चहून घरी आली की बार उडवायचे, ही तिकडची रीत. जितके बार तितकी बापाची शान, आणि नवरीचा बाप गावचा गिरणीवाला क्राउस असल्यामुळे शान बरीच होती.

एका शिपायाच्या संगिनीला नवरदेवाची चड्डी लटकत होती.

गिरणीवाला क्राउस आधी पांढरा पडला, मग त्याच्या डोक्यात काहीतरी प्रकाश पडला आणि त्याचा सगळा चेहरा भरून आला. "बायको," तो ओरडला, "आणखी ग्लास काढ. सरकारने आपल्या लीनाच्या लग्नाला फौज पाठवली बघ." आणि रोडेचे दोन्ही हात धरून म्हणाला, "कॅप्टनसाहेब, एवढा मान. मी दोन पोरी आधी उजवल्या, पोस्टमास्तरसुद्धा आला नव्हता हो."

रोडेने त्याचं अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? डेलनाऊ टेबलाच्या त्या टोकाला उभा होता, लालबुंद. दोघे कॅडेट शाळेपासूनचे सोबती. डेलनाऊ दातांतल्या दातांत म्हणाला, "रोडे, तू पूल का सोडलास?"

"तू घ्यायला आला नाहीस म्हणून," रोडे म्हणाला.

एवढ्यात तिसऱ्या बाजूने, फाटकातून, टापा वाजल्या. जनरल फॉन श्टुल्प, मागे सगळा स्टाफ, घोडी फेसाळलेली. साठीचा माणूस, सम्राटाच्या टेबलावर जेवणारा, आणि तोही घोडा फेकत आला होता. का आला होता ते विचारायची गरज नव्हती, तोफा त्याच्याही कानांवर पडल्या होत्या. त्याने टेबलं बघितली, उखळं बघितली, नवरी बघितली. गिरणीवाल्याने त्याच्या रिकिबीला हात लावून त्याला आत बोलावलं. पुढच्या थोड्या वेळात जनरलसाहेबांनी केक खाल्ला आणि नवरीबरोबर एक गिरकी घेतली, कारण नाही म्हणणं हे घडलं त्याहून वाईट दिसलं असतं. तो ठासलेला बार त्यांच्या सन्मानार्थ उडवण्यात आला.

मग बिगूल वाजलं. आमच्याकडे रीत अशी की सराव संपला की सगळे अधिकारी गोल करून उभे राहतात आणि जनरल सर्वांदेखत प्रत्येकाची झडती घेतो. त्या गोलात किती जणांच्या नशिबी काळ्या टोप्या आल्या याला गणती नाही. गोल बागेबाहेर नाशपातीच्या झाडाखाली झाला. आतून बँडचा आवाज येत होता.

आधी डेलनाऊला विचारलं. डेलनाऊने टाचा जुळवल्या आणि सुरू झाला. पूल हे केवळ भौगोलिक ठिकाण होतं, तो म्हणाला. शत्रूची खरी ताकद त्याच्या फौजेत असते, जागेत नाही. दक्षिणेकडचा गोळीबार ऐकताच त्याने ओळखलं की निर्णायक बिंदू सरकला आहे, आणि आतल्या रेषेचा फायदा घेऊन तो त्या बिंदूवर प्रतिस्पर्ध्याच्या आधी पोचला. नवरीचं, केकचं, उखळांचं नाव नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढायची पद्धत काय झकास. रोडे ऐकत होता आणि त्याच्या मनात आलं की याहून तीन पट चांगलं मी बोलू शकतो. शब्द सगळे जिभेवर तयार होते. नऊ वर्षं त्याने दुसऱ्यांच्या घोडचुका अशाच सुंदर शब्दांत नीट करून दिल्या होत्या.

"कॅप्टन रोडे," जनरल म्हणाला. "तुम्ही पूल सोडलात. का?"

रोडेने तोंड उघडलं. त्याला बँडचा आवाज ऐकू आला. चिखलाने भरलेले आपले बूट दिसले. एवढी माणसं गोलात छाती काढून उभी होती आणि त्यातल्या एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं, हे बघून त्याला एकदम हसू यायला लागलं. आणि त्या हसण्याच्या भरात त्याने आयुष्यातली सर्वांत शूर गोष्ट केली.

"एक्सलन्सी, मला तोफा ऐकू आल्या आणि आनंद झाला," तो म्हणाला. "बाकी काही नाही. मी बिंदूचा विचार केला नाही, रेषेचाही नाही. मला जन्मात एकदा जायचं होतं, म्हणून गेलो. पूल धरायचा हुकूम होता आणि तो मोडला. तिथे पोचल्यावर कळलं की लग्न आहे."

डेलनाऊने मान खाली घातली. रोडेला वाटलं, झालं, उडवलं आपण आपल्याला. हॅम्बुर्गचं काउंटर त्याला स्पष्ट दिसलं, त्यावरचं शाईचं भांडंसुद्धा. आणि ओटीली दिसली. तरीही त्या एका क्षणी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. या घटकेला त्याला कुणी निळा लिफाफा हातात दिला असता तरी त्याने तो हसत घेतला असता.

जनरलच्या मिशीवर केकची साखर अजून लागलेली होती, आणि ते सांगायची कुणाची छाती नव्हती. रोडे चुकला असेल तर डेलनाऊ चुकला होता, आणि डेलनाऊ चुकला असेल तर घोडा फेकत आलेला तिसराही चुकला होता. हे जनरलला कळत होतं, रोडेला कळत होतं, स्टाफमधल्या घोड्यांनाही कळत असावं.

"कॅप्टन रोडे फार विनयी आहेत," जनरल शेवटी म्हणाला. आवाज मऊ, बापासारखा. "तुम्हाला म्हणायचंय की माहिती अपुरी होती, वेळ नव्हता, आणि शंकेच्या त्या क्षणी तुम्ही बसून राहण्यापेक्षा कृती निवडलीत. कान देऊन, काळजाचं ऐकून. आपल्या जुन्या गुरूंनी सांगितलं तसं. असंच ना?"

त्याने दोर टाकला होता. रोडेला फक्त तो सोडून द्यायचा होता. नाही एक्सलन्सी, लग्न होतं. एवढंच. पण मघाचं ते हलकेपण आता जरा गार पडलं होतं, आणि ओटीली म्हणत होती, सातवं गाव नको रे.

"होय, एक्सलन्सी," रोडे म्हणाला.

निळा लिफाफा आला नाही. हिवाळ्यात रोडे मेजर झाला. जागा एकच होती, पण जनरलला दोघांपैकी एकालाही नाकारता येईना. डेलनाऊला बर्लिनला मुख्यालयात घेतलं आणि तोही मेजर झाला. ओटीलीला लग्नाची गोष्ट कळली त्या दिवशी ती हसून हसून खुर्चीवरून घसरली, आणि मग नवऱ्याच्या गळ्यात पडून रडलीसुद्धा. त्या संध्याकाळी त्यांनी राइनच्या वाइनची बाटली फोडली. रोडेने जनरलची गिरकी स्वयंपाकघरात करून दाखवली. असे दिवस माणसाला मोजकेच मिळतात.

वसंतात मुख्यालयाने नव्या अभ्यासाचे कागद सगळ्या युद्धशाळांना पाठवले. त्यात "ओबरलिंडाची चकमक" होती. नकाशा होता, बाण होते. लग्नाच्या टेबलांच्या जागी तोफखान्याची खूण होती. खाली बोध होता: तोफांचा आवाज येताच, हुकुमाची वाट न बघता, सर्व बळानिशी तिकडे जावं. मजकूर डेलनाऊचा होता, ओळीओळीत दिसत होता. सही जनरलची. आणि हे शिकवायला माणूस कोण, तर जो तिथे प्रत्यक्ष होता तो. मेजर रोडेला सन्मानाने परत युद्धशाळेत पाठवण्यात आलं.

"पोरांना खरं सांगतोस ना पण?" ओटीलीने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"सांगणार आहे," रोडे म्हणाला. "त्यात काय. माझीच तर टर उडवायची आहे. त्यात माझा हात कोण धरणार?"

त्याने सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात जमलं नाही, दुसऱ्या आठवड्यात विषय निघाला नाही, आणि मग परीक्षा आली. तोंडी परीक्षेला जनरल फॉन श्टुल्प स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसले. फळ्यापाशी आर्नो वेस्टफाल नावाचा कॅडेट उभा होता. शिडशिडीत पोरगा, कान थोडे बाहेर आलेले, वर्गात पहिला. त्याने ओबरलिंडा खडूने झरझर काढलं. नदी, पूल, टेकडी, तोफखाना. सगळं अचूक.

"दक्षिणेकडून आवाज येतो," आर्नो म्हणाला. "तो कुणाच्या तोफांचा, हे विचारण्यात वेळ दवडायचा नाही. सगळी ताकद घेऊन जायचं."

जनरलने समाधानाने मान हलवली. रोडेच्या मनात आलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"आणि समजा, कॅडेट वेस्टफाल," तो म्हणाला, "तिथे गेल्यावर लग्न निघालं तर?"

जनरल हसले, मोठ्याने, मांडीवर थाप मारून. त्यांच्यामागे सगळा वर्ग हसला.

"हसू नका," रोडे म्हणाला. "खरंच लग्न होतं. मी होतो तिथे. नवरीचं नाव लीना. मी केक खाल्ला."

हसू दुप्पट झालं. मेजर रोडे स्वतःची टर उडवतात हे शाळेला ठाऊकच होतं, त्याबद्दल पोरांचा त्यांच्यावर जीव होता. आर्नोही हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्याने तोंड पुसलं आणि एकदम गंभीर झाला. रोडेकडे तो ज्या नजरेने बघत होता तिच्यात अशी आस होती की रोडेला खाली बघावंसं वाटलं. पोरगा सतरा वर्षांचा होता.

"पण मेजरसाहेब," त्याने विचारलं, "तरीही जायचंच ना?"

पहिल्या बाकावर जनरल उत्तराची वाट बघत होते.

"जायचं," रोडे म्हणाला, आणि त्याला पूर्ण गुण दिले.